आखाडातल्या सहा पाट्या

आषाढ लागला की बाबांचा फोन येतो, आणि तो कधीच 'कशी आहेस'ने सुरू होत नाही.

"मटण वाढलं बघ परत," ते म्हणतात. "सगळ्या दुकानात एकच भाव. ठरवूनच केलंय ह्येनी."

"मग घेऊ नका."

"आखाडात? खुळी काय तू?" मग आवाज खाली आणून, "रविवारी येतीस न्हवं?"

पुण्यात माझ्या खोलीबाहेर पाऊस पडतो, पण तो नुसता पडतो. कोल्हापुरात आषाढातला पाऊस घरात राहायला येतो. कपड्यांच्या दोऱ्या माजघरापर्यंत येतात, शाळेचे मोजे तव्यावर शेकले जातात, आणि रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या ओल्या कपड्यांच्या वासात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास मिसळतो. माझ्यासाठी आखाड म्हणजे हा वास. न वाळलेले कपडे आणि भाजलेलं खोबरं. पुढे श्रावण असतो, महिनाभर सगळं बंद, त्यामुळे पेठेतलं प्रत्येक घर हे चार-पाच रविवार हिशोबाने नाही, हक्काने जगतं. मंगळवारी-शुक्रवारी नदीचं नवं पाणी डोक्यावर घेऊन बायका देवीला निघतात, पुढे पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत असतं, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ते बघणाऱ्या माणसांचं बोलणं मात्र एकाच विषयावर चाललेलं असतं: या रविवारी किती आणायचं.

आमच्या पेठेत मटणाची सहा दुकानं होती. आजही आहेत. प्रत्येक घराचं दुकान ठरलेलं, जसा डॉक्टर ठरलेला असतो. आमचं दुकान आनंदामामाचं. हा माझा सख्खा मामा नव्हे. आई त्याला राखी बांधते म्हणून मामा. त्याआधी तो बाबांचा मित्र, नगरपालिकेच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलेला. बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या शेतांवरच्या मोटारी पाण्यात जाऊन जळतात, त्यामुळे आखाडातल्या रविवारी बाबांना फुरसत नसायची आणि मटणाचा स्टीलचा डबा माझ्या हातात यायचा.

रांगेत सगळे पुरुष. मी छत्री आणि डबा सांभाळत, कुणाच्याच नजरेला नजर न देता उभी. मला कुणी बघू नये एवढीच माझी इच्छा असायची, आणि आनंदामामा मटण तोडायच्या ओंडक्यामागून नेमका ओरडायचा, "पावणं, जरा सरका की. मॅडमना पुढं येऊ द्या." मी इंग्रजी शाळेत जायचे म्हणून मॅडम. सगळी रांग वळून बघायची. माझे कान तापायचे. मामा मात्र किती हवंय हे कधीच विचारायचा नाही. त्याला ठाऊक असायचं: चाप जास्त, नळीचे दोन तुकडे, आणि डब्याच्या तळाशी माझ्यासाठी काळजाचा एक तुकडा, ज्याचं वजन कधी झालं नाही.

पण मामाची खरी ओळख दुकानात नव्हती. आमच्या घरामागच्या तालमीच्या कोपऱ्यावर पेठेच्या मंडळाचा मोठा काळा फळा आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाचं निधन, कुणाची मुलगी पहिल्या वर्गात पास, उद्या पाणी येणार नाही, सगळं त्या फळ्यावर. ते लिहायचा आनंदामामा. संध्याकाळी दुकान बंद करून, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तो खडूचा डबा घेऊन यायचा. ज्या हातात सकाळी सुरी असायची त्या हाताने तो असा काही 'श्र' काढायचा की जाणारे सायकल थांबवून बघायचे.

मी पाचवीत असताना त्याने माझी मराठीची वही बघितली. आमच्या शाळेत मराठीला आठवड्यात तीन तास, आणि माझी अक्षरं पावसात उभ्या राहिलेल्या माणसांसारखी, एकमेकांना चिकटलेली. बाईंनी लाल शाईत काहीतरी लिहिलं होतं. मामाने वही मिटली आणि मला फळ्यापाशी उभं केलं.

"तू छप्पर आधी घालालीस," तो म्हणाला. "रेघ वढतीस आन् खाली अक्षरं टांगतीस, कपडे वाळत घातल्यागत. तसं न्हाय. जाताना अक्षरं, येताना छप्पर."

म्हणजे आधी सगळा शब्द उघडाच लिहायचा. शेवटच्या अक्षरावर हात पोचला की तिथूनच वरची रेघ सुरू करायची, उजवीकडून डावीकडे, घरी परत येताना. खडू टेकतो तिथे रेघ जाड येते आणि डावीकडे येईतो बारीक होत जाते. त्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचे, मामा तो ओल्या फडक्याने पुसायचा. माझं अक्षर सुटं झालं. ती रेघ मी अजूनही येतानाच घालते.

ज्या आखाडाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिलाच रविवार. डबा घेऊन गल्लीत वळले तर पहिल्या दुकानापाशी माणसं पाटीकडे बघत उभी. भाव किलोला एकदम साठ रुपयांनी वाढला होता. दुसऱ्या दुकानात तोच आकडा. तिसऱ्यात तोच. सहाच्या सहा दुकानांत, पै-पैशाने तोच.

सगळे आकडा बघत होते. मी पाट्या बघत होते. एरवी प्रत्येक दुकानदार आपापली पाटी लिहायचा आणि त्या पाट्या बघण्यासारख्या असायच्या. एकजण तर वर्षानुवर्षं 'मट्टण' लिहायचा. त्या दिवशी सहाही पाट्यांवर वाकडंतिकडं, मुद्दाम बिघडवल्यासारखं अक्षर होतं. पण 'मटण'च्या वरची रेघ उजवीकडे जाड होती आणि डावीकडे येत येत बारीक झाली होती. सहाही ठिकाणी. मी गल्ली दोनदा चालले, खात्री करायला नाही, खोटं निघावं म्हणून.

आनंदामामाच्या रांगेत उभी राहिले. त्या दिवशी तो ओरडला नाही. माझी पाळी आली तेव्हा त्याने खाली बघतच विचारलं, "किती?"

त्याने मला तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

पेठ पेटायला दुपार पुरली. बाबा तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी होते. जेवणं व्हायच्या आधीच ते ओलं फडकं घेऊन निघाले आणि त्यांनी सहाही दुकानांच्या पाट्या स्वतःच्या हाताने पुसून काढल्या. मागे लोक, टाळ्या. बाबा चिडले की तोंडाने चिडतात, हाताने नाही. त्यामुळे मी गॅलरीतून बघत राहिले आणि मला वाटलं, हे जरा जास्तच झालं.

संध्याकाळी तालमीत बैठक बसली. आमच्या घराची मागची खिडकी तालमीच्या खिडकीसमोरच उघडते, तिथून आतली बैठक आणि मागचं मोकळं परडं दोन्ही दिसतं. मी दिवा न लावता तिथे बसले. दुकानदारांपैकी पाच जण आले नव्हते. आनंदामामा आला होता, कारण तो मंडळाचा सभासद होता आणि बैठकीला न येणं त्याला जमलंच नसतं.

"सहा दुकानं आन् आकडा एक," कुणीतरी म्हणालं. "सपान पडलं काय सगळ्यांस्नी?"

"पेट्रोलचा भाव सगळ्या पंपांवर जवळजवळ एकच असतोय. तवा कोण बैठक घेत न्हाय."

"पंपवाला आपल्या गल्लीत ऱ्हात न्हाय."

यावर सगळे हसले, आणि मला वाटतं त्या बैठकीतलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. मग हसणं थांबलं आणि मागून एक आवाज आला, "बहिष्कार घाला, पण आधी ह्ये कुणी जुळवलं त्याचं नाव कळू दे. त्याचं दुकान पेठेत ठेवायचं न्हाय." बऱ्याच जणांनी 'व्हय, व्हय' केलं. आनंदामामा भिंतीला टेकून लेंग्याची गुडघ्यावरची सुरकुती सरळ करत होता.

ठरलं असं की भाव उतरेपर्यंत पेठेत कुणी मटण घ्यायचं नाही, आणि तसं फळ्यावर लिहायचं. मग अडचण आली. सगळे आनंदामामाकडे बघायला लागले.

"मी लिहू?" मामा म्हणाला. "माझ्याच दुकानावर बहिष्कार, आन् मीच लिहू?"

"तुझं अक्षर चांगलं हाय म्हणून म्हणालोय."

"दे खडू."

बाहेर पाऊस होता. मामाने लिहिलं, आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर, अगदी फळ्याला भिडवून, छत्री धरली. लिहून झाल्यावर एकजण पुढे वाकून म्हणाला, "बहिष्कारमधला ष बघा की. कसला काढलाय." सगळ्यांनी तो ष बघितला आणि मग बहिष्कार सुरू झाला.

त्या रात्री आईने वांगं केलं होतं. तिने ताटं वाढली आणि कोल्हापुरी बायका बोलतात तशी, 'विचारतो' करत, बाबांना म्हणाली, "मी एक विचारतो. तुमच्या वाइंडिंगचा रेट पेठेतल्या चारी दुकानांत एकच कसा?"

"त्यो रेट न्हवं. ती शिस्त हाय."

"चौघं चहाला बसूनच ती शिस्त लावलीसा न्हवं?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे वळले. "तू सकाळी गेलतीस. पाट्या बघितल्यास. कुणाचं अक्षर वाटलं?"

"नीट बघितलं नाही," मी म्हणाले. "पाऊस होता."

बाबांना सरळ तोंडावर सांगितलेलं ते माझं पहिलं खोटं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "बरं," म्हणाले, आणि ताक मागितलं.

मी का नाही सांगितलं, याचा मी नंतर खूप विचार केला. मामावर माझा जीव होता हे खरं, पण त्या दिवसांत मला त्याचा रागही आला होता. ज्या हाताने मला लिहायला शिकवलं त्याच हाताने आमच्या डब्यातून साठ रुपये काढले होते, आणि तेही अक्षर बिघडवून. सांगितलं असतं तर तो अन्याय ठरला नसता. पण एक नाव घेतलं की एक दुकान जाणार होतं, आणि त्या दुकानाबरोबर फळाही. कुणी दुसऱ्याने त्या फळ्यावर लिहिलेलं मला वाचायचं नव्हतं. माझं कारण एवढंच लहान होतं. मोठं कारण मला अजूनही सापडलेलं नाही.

दुसऱ्या रविवारपर्यंत पेठ टिकली. मग मंडळातले पाच जण टेम्पो घेऊन बाजारात गेले आणि स्वतःच बकरं घेऊन आले. सोळा घरांत वाटे घालायचे असं ठरलं. घेणाऱ्यांत एकजण असा होता जो बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून आत मटण किती निघेल ते सांगतो म्हणून प्रसिद्ध होता. त्याने आकडा सांगितला. सगळ्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि खूश झाले. बकरं तालमीच्या परड्यात उभं राहून कोपऱ्यातल्या व्यायामाच्या लाकडी मुद्गलाला ढुशा देत होतं.

मग लक्षात आलं की कापणार कोण. नळी कशाला म्हणायचं यावरून पेठेत भांडणं झालेली आहेत, पांढऱ्या रश्श्यात काय घालायचं नाही यावर प्रत्येकाचं मत आहे, पण त्या परड्यात जमलेल्या वीस-पंचवीस पुरुषांपैकी एकानेही आयुष्यात सुरी धरली नव्हती. तासभर चर्चा झाली. शेवटी तिघं आनंदामामाकडे गेले.

"बहिष्कार दुकानावर हाय," त्यांनी त्याला समजावलं. "तुझ्यावर न्हाय."

मामा सुऱ्या, ओंडका आणि तराजू घेऊन आला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. परड्यावर ताडपत्री बांधलेली, खाली धुतलेल्या पत्र्यावर सोळा वाटे पडत गेले, प्रत्येकात थोडी मांडी, थोडा सीना, काळजाचा एवढासा तुकडा, कुणाच्या वाट्यात बोटभरही फरक नाही. कापणाऱ्याचा वाटा म्हणून मुंडी आणि पाय त्याने बाजूला ठेवले. मग सगळं मटण तराजूवर चढलं. पाठीवरून हात फिरवणाऱ्याने सांगितलं होतं त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भरलं.

बाबांनी वाइंडिंगच्या बिलाच्या मागे बकऱ्याची किंमत, टेम्पोचं भाडं लिहून भागाकार केला. पुन्हा केला.

"कितीला पडलं?" कुणीतरी विचारलं.

"पाटीपेक्षा जास्तच."

"किती जास्त?"

"किलोला बारा रुपये."

मामा सुरी पुसत होता. "पावणं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "बकऱ्याला कातडं असतंय, शिंगं असत्यात. पाठीवरनं हात फिरवल्यावर ती कळत न्हाईत." आधी बाबा हसले, मग सगळे. त्या दिवशी सोळा घरांत पेठेतलं सगळ्यात महाग मटण शिजलं, आणि सगळ्यांनी ते चांगलं झालं म्हणून सांगितलं.

बुधवारी पुन्हा बैठक. या वेळी सहाही दुकानदार आले. एकाच सतरंजीवर सगळे बसले, दोनदा चहा झाला, आवाज चढले, उतरले, आणि साठातले पंचवीस रुपये कमी झाले. मी खिडकीत बसून ऐकत होते आणि मला गंमत वाटत होती. एकत्र बसून भाव ठरवला हाच तर आरोप होता. आता तेच चाललं होतं, फक्त दारं उघडी होती आणि चहा मंडळाचा होता.

"फळ्यावर लिहा," बाबा म्हणाले. मामा उठला तसा मागून पहिल्या बैठकीतलाच तो आवाज आला, "आनंदाला नको ह्या वेळेला. भाव त्याचा, अक्षरबी त्याचं, बरं दिसत न्हाय. वाइंडिंगवाल्याच्या मॅडमला बोलवा."

मी खिडकीतून मागे सरकले, पण आई तोपर्यंत दारात येऊन उभी होती. "जा," ती म्हणाली. "मी सांगतो, काय खात न्हाईत तुला."

पंचवीस-तीस माणसं माझ्या पाठीमागे उभी होती. पहिला खडू मी एवढा दाबला की तो तुटला. मी लिहिलं. मटणाचा भाव, खाली आकडा, खाली मंडळाचं नाव. अक्षरांकडेच लक्ष होतं, दुसऱ्या कशाकडे नव्हतं. म्हणून शेवटचं अक्षर झालं तसा हात आपोआप उजव्या टोकाला टेकला आणि रेघ घालत डावीकडे परत आला.

माणसं पांगली. मामा फडकं घेऊन फळ्याची चौकट पुसायला लागला, जी पुसायची काही गरज नव्हती.

"येताना घातलंस छप्पर," तो हळू म्हणाला.

"तूच शिकवलंस."

त्याने चौकटीचा दुसरा कोपरा पुसला. "सहाही पाट्या बघितलेल्यास?"

"हो."

"आन् बाबाला?"

"नाही सांगितलं."

मामाने फडकं पिळलं. "एकट्यानं भाव वाढवला तर लोक चोर म्हणत्यात. सगळ्यांनी मिळून वाढवला तर टोळी म्हणत्यात. बकरं तर महागच झालंय, तू बघितलंस." मग माझ्याकडे न बघता, "पर जरा जास्तच लावलेला. मंडळ खाली आणणार हे ठावं हुतं. खाली यायला जागा ठेवाय नको?"

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला हलकं वाटलं, कारण त्याने मला खरं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी रांगेत उभी राहिले तर तो ओंडक्यामागून ओरडला, "सरका की जरा, मॅडमना पुढं येऊ द्या." किती हवंय, ते विचारलं नाही.

आता मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथे किराणा फोनमधल्या अ‍ॅपवरून विकला जातो, आणि माझं काम भावांचंच आहे. दुसऱ्या कंपन्यांचे भाव आमचं सॉफ्टवेअर दिवसभर बघत असतं. त्यांनी वाढवला की आमचा सरकतो. त्यांचं सॉफ्टवेअर आमचे बघत असतं. कुणी कुणाला भेटत नाही, कुणी चहा पीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तेलाच्या पिशवीचा भाव सगळीकडे सारखा झालेला असतो. याला ठरवणं म्हणायचं का, असं मी एकदा माझ्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "आपण फक्त बघतो." मी मान हलवली. मीटिंगमध्ये मी जास्त बोलत नाही. पण कधीकधी स्क्रीनवरच्या त्या आकड्यांकडे बघताना मी उगाचच त्यांच्यावरची रेघ शोधते. आकड्यांना रेघ नसते, आणि त्यामागे ओळखीचा हातही नसतो. ज्याच्या दुकानासमोर जाऊन पाटी पुसता येईल असं तिथे कुणीच नाही.

या रविवारी मी घरी गेले. बाबांनी आता रविवारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली आहे, म्हणून डबा घेऊन आम्ही दोघंही निघालो, एका छत्रीत. सहा दुकानं, सहा पाट्या, एकच आकडा. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही असं वाटून मी म्हणाले, "बाबा, त्या वर्षीच्या सगळ्या पाट्या आनंदामामाने लिहिल्या होत्या."

बाबा चालतच राहिले. "छप्पर बघूनच कळलं हुतं," ते म्हणाले. "आमच्या गुरुजींनी दोघांस्नी एकदमच शिकवलंय ते."

मी थांबले. छत्री पुढे गेली, मी भिजले, बाबा मागे आले.

"मग पुसल्या कशाला तुम्ही?"

"आमच्या वर्गातली अजून दोघं पेठेत हायती. त्येंनी बघायच्या आत पुसाय नको?"

"आणि मला का विचारलं मग, अक्षर कुणाचं म्हणून?"

"तू वळीखलंस का बघाय." त्यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली. "तू नाव घेतलं असतंस तर सेक्रेटरी म्हणून मला ऐकाय लागलं असतं. तू घेतलं न्हाईस. बरं वाटलं."

मला ते 'बरं' आठवलं, आणि त्यानंतर मागितलेलं ताक. एवढी वर्षं मी त्यांच्यापासून जे जपत होते, तेच ते माझ्यापासून आणि पेठेपासून जपत होते, एकाच घरात, एका भिंतीआड.

रांगेत आमच्या पुढे आठ-दहा जण होते. आतून आवाज आलाच, "पावणं, सरका की. मॅडम आल्यात पुण्यासनं." मामाला आता चष्मा लागला आहे आणि तो काचेवरून बघतो. मी खाली बघत पुढे गेले. मागून बाबा, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सगळ्या दुकानात एकच भाव. ठरवूनच केलंय ह्येनी."

मामाने मान वर केली नाही. नुसता हात पुढे केला.

"व्हय की," तो म्हणाला. "डबा दे."